जाळ्यांच्या गोदामावरचा चेहरा

घाटकोपरच्या ज्या शेडमध्ये मी कामाला होते, तिथे चेहरा फक्त मालक रंगवत. बाकीचं सगळं आम्ही. सिनेमाचं होर्डिंग पत्र्याच्या तुकड्यातुकड्यांत तयार व्हायचं. एकाकडे आभाळ आणि आगीचे लोळ, एकाकडे गाड्या आणि घोडे, एकाकडे अक्षरं. माझ्याकडे साड्या, दागिने आणि फुलं. मी एकटीच बाई असल्यामुळे ही वाटणी झाली होती आणि ती कुणाला वावगी वाटत नव्हती. सगळं होत आलं की मालक चहा पिऊन उठायचे, बाह्या सारायचे आणि डोळे-नाक-ओठ करायचे. त्यांचं एक वाक्य ठरलेलं होतं: "तोंडावर हात हलला की हिरोचा व्हिलन होतो."

ही गोष्ट ऐंशीच्या दशकाच्या मध्यावरची. मी कमर्शियल आर्टचा डिप्लोमा घेतला होता आणि मुलुंडला आईवडिलांकडे राहत होते. वडील बँकेत होते. त्यांनी माझ्यासाठी एका जाहिरात कंपनीत शब्द टाकून ठेवला होता, पण तिथे वहीएवढ्या कागदावर साबणाच्या वड्या काढत बसावं लागलं असतं. मला मोठं काढायचं होतं. माणसाच्या उंचीचा पदर रंगवताना खांद्यापासून हात फिरवावा लागतो, आणि ते सुख मला शेडमध्ये मिळत होतं. फक्त त्या पदराच्या वर जो चेहरा यायचा, तो माझा नसायचा.

एका दुपारी शेडमध्ये एक कोळीण आली. चाळिशीची असेल. चापूनचोपून नेसलेलं लुगडं, कानात जड सोनं, आणि दारात उभं राहिल्याबरोबर आतल्या आवाजांच्या वर जाईल असा आवाज. ती अंधेरीच्या पश्चिमेला, खाडीच्या तोंडाशी असलेल्या कोळीवाड्यातून आली होती. तिथल्या मासेविक्रेत्या बायकांच्या मंडळाची ती प्रमुख. मंडळातल्या बायका कित्येक वर्षं रस्त्याच्या कडेला उन्हातान्हात बसून मासळी विकत होत्या. आता त्यांना हक्काचा, छप्पर असलेला बाजार मिळाला होता. तो ज्या म्हातारीच्या चिकाटीमुळे मिळाला, तिचा चेहरा त्यांना जाळ्यांच्या गोदामाच्या भिंतीवर काढून हवा होता. म्हातारी म्हणजे तिची सासूच. ती मासळीच्या पाट्या घेऊन बायकांना साहेबांच्या कचेरीत नेऊन बसवायची आणि दाद लागेपर्यंत उठू द्यायची नाही. कचेरीत मासळीचा वास भरला की साहेब लवकर भेटायचे, असं सून हसत सांगत होती.

मालकांनी सगळं ऐकून घेतलं आणि नाही म्हणाले. खाडीकाठची भिंत म्हणजे खारं, तिच्यावर रंग टिकत नाही. शिवाय दोन मोठे सिनेमे लागायचे होते, माणसं सोडता येणार नव्हती. ती बाई निघाली. निघताना तिची नजर माझ्याकडे गेली. मी जमिनीवर उकिडवी बसून एका लांबलचक शालूच्या जरीला पिवळा लावत होते.

तिने मालकांना विचारलं, "हिला येतं का?"

मालक म्हणाले, "हिला साड्या येतात."

"मला चेहरा येतो," मी म्हणाले.

कागदावर मी शेकडो चेहरे काढले होते, त्यामुळे मी खोटं बोलले नव्हते. पण दुमजली भिंतीवर एकही नाही. मालकांनी माझ्याकडे पाहिलं, खांदे उडवले, आणि म्हणाले की जायचं असेल तर जा, परत येशील तेव्हा साड्या आहेतच. त्या बाईने माझं नाव विचारलं आणि सोमवारी सकाळी ये म्हणून सांगून ती गेली.

सोमवारी गेल्यावर कळलं की म्हातारीला यातलं काही ठाऊकच नव्हतं.

सगळा कोळीवाडा तिला बय म्हणायचा, मीही म्हणू लागले. ती बाजारात आपल्या जागेवर बसली होती, पुढ्यात पापलेटं आणि बोंबील. सुनेने विषय काढला तशी तिने हातातला कोयता खाली ठेवला. "मी जिती हाय अजून," ती म्हणाली. "भितीवर मेलेली मानसा टांगतान." एवढं बोलून ती पुन्हा मासा कापायला लागली. तिचं म्हणणं खोडायला जागा नव्हती. आमच्या मुलुंडच्या घरातही भिंतीवर आजोबाच होते, चंदनाच्या हारासकट. जिवंत माणसाला कोण भिंतीवर चढवतं?

सून म्हणाली, आपण काढून टाकू, मग बोलेल काय बोलायचं ते. मला ते पटेना. चेहरा ज्याचा, त्याची ना असेल तर तो नीट येत नाही असं मला तेव्हाही वाटायचं, आजही वाटतं. मी सुनेला थोडे दिवस थांबायला सांगितलं आणि रोज सकाळी बाजारात बयच्या शेजारी जाऊन बसू लागले. पहिले काही दिवस ती माझ्याशी बोलली नाही. मग तिने मला कोलंबी सोलायला दिली. मी इतकी हळू सोलायचे की तिला माझी दया आली असावी. ती बोलायला लागली. गिऱ्हाईक आलं की मात्र माझ्याकडे पाठ. तिचा खरा चेहरा गिऱ्हाइकासाठी होता. भुवया वर, हनुवटी पुढे, आणि तोंड एक क्षणही मिटलेलं नाही.

ते बघता बघताच मला सुचलं. मी तिला म्हणाले, "बय, भिंतीवरची मेलेली माणसं सगळी गप्प असतात. तोंड मिटून बसलेली."

तिने माझ्याकडे पाहिलं. कोलंबीची साल पाटीत टाकली. मग म्हणाली, "मंग बोलती काढ मना."

तिथून काम सुरू झालं.

वडिलांचा कॅमेरा मागून आणला. बयला बाजाराच्या कडेला सकाळच्या उन्हात बसवलं, तर ती पासपोर्टच्या फोटोला बसल्यासारखी ताठ झाली. अर्धा रोल असाच गेला. तेवढ्यात एक बाई पापलेटाचा भाव ऐकून नाक मुरडून निघाली, आणि बयने मान वळवून तिला मागून हाक घातली. मी बटण दाबलं. तो एकच फोटो कामाचा निघाला. हाक मारणारी बय, गळ्याच्या शिरा ताणलेल्या, वरच्या ओळीत पडलेल्या दाताची फट दिसतेय, डोळे मात्र हसतायत. गिऱ्हाईक परत येणार हे तिला माहीत होतं, ते डोळ्यांत होतं.

मालक खाऱ्याबद्दल म्हणाले ते खरंच होतं. गोदामाची खाडीकडची भिंत आतून फुटलेल्या खाऱ्याने पांढरी झाली होती, हात फिरवला की मिठासारखी पूड हाताला लागायची. तिच्यावर थेट रंग लावला असता तर पहिल्याच पावसाळ्यात फोड येऊन गळून पडला असता. आधी ती खरवडायची, मग गोड्या पाण्याने पुन्हा पुन्हा धुवायची, उन्हात कडकडीत वाळू द्यायची, भेगांत लांबी भरायची, आणि मग अस्तराचा हात. कोळीवाड्यात गोडं पाणी नळाला थोडाच वेळ यायचं. तरी बायकांनी हंडे आणले. रोज सकाळी मासळी घेऊन जाण्याआधी एकेक हंडा भिंतीवर. पाणी ओतताना त्या भिंतीला न्हाऊ घातल्यासारख्या घासायच्या आणि एकमेकींना शिव्या द्यायच्या. पुरुषांनी बांबूची परांची बांधली. होडीच्या डोलकाठीला मारतात तसल्या गाठी, त्यामुळे परांची वाऱ्यात हलायची पण सैल पडायची नाही. मला उंचीची भीती नव्हती. आईला होती. ती एकदा येऊन खालून परांची बघून गेली. घरी गेल्यावर तिने माझ्यासाठी भावाच्या जुन्या पँटी कमरेला घट्ट करून ठेवल्या. साडी नेसून तिथे चढायचं नाही, एवढाच तिचा निर्णय होता.

मोठा चेहरा भिंतीवर नेण्याची रीत साधी आहे. फोटोवर पेन्सिलीने चौकोन आखायचे. भिंतीवर तेवढेच चौकोन, पण मोठाले. त्यासाठी दोरी निळीत भिजवायची, दोघींनी दोन टोकं ताणून धरायची आणि मधून खेचून सोडायची; भिंतीवर सरळ निळी रेघ उठते. मग फोटोतल्या एका चौकोनात जे आहे तेवढंच भिंतीवरच्या त्या चौकोनात उतरवायचं. भुवईचा तुकडा, कानाची पाळी, सुरकुतीचं वळण. परांचीवर उभं राहिलं की चेहरा दिसतच नाही. नाकाजवळ असताना समोर नुसता तपकिरी डाग असतो, आपल्याएवढा. फोटोवर आणि रेघांवर विश्वास ठेवून पुढे जायचं.

आणखी एक युक्ती मी शेडमध्ये शिकले होते. होर्डिंग उंच असतं, माणूस खालून बघतो, त्यामुळे वरचा भाग आखूड दिसतो. म्हणून वरचे चौकोन थोडे उभे वाढवायचे, कपाळ जरा ताणायचं. मी तसंच केलं. रंगाचे ओघळ खाली आले तर खालचं काम खराब होऊ नये म्हणून वरून सुरुवात करतात, तशी मी केसांपासून केली. केस, कपाळ, भुवया, डोळे. खाली गोदामापुढच्या जेट्टीवर उभं राहून बघितलं की बय बरोबर बय दिसत होती. बायका येता-जाता थांबायच्या आणि खूश होऊन जायच्या.

डोळे पूर्ण झाले त्या दिवशी बयचा मुलगा, जो होडी चालवणारा तांडेल होता, मला म्हणाला की चल, खाडीतून बघ कशी दिसते. मी हौसेने होडीत बसले. भरती होती. होडी काठापासून लांब गेली, वळली, आणि मी मागे पाहिलं.

दुधी भोपळ्यावर डोळे काढल्यासारखं दिसत होतं. कपाळ वर चढत चाललं होतं, त्याला अंत नव्हता. जेट्टीवरून जे ताणणं लपत होतं ते लांबून सगळं उघडं पडलं होतं. रस्त्यावरच्या होर्डिंगला लांबून बघणारा नसतो, दुकानं आणि झाडं मध्ये येतात. इथे अख्खी खाडी मोकळी होती. येणारी-जाणारी प्रत्येक होडी तिला लांबूनच बघणार होती.

तांडेल हळूच म्हणाला, "आई येवऱ्या कपालाची नाय आमची." त्याला मला दुखवायचं नव्हतं, हे त्याच्या आवाजात कळत होतं.

किनाऱ्याला लागल्यावर मी काय दिसलं ते सांगितलं. मंडळाच्या बायका जमल्या. शिमग्याला बाजाराचं रीतसर उद्घाटन ठरलं होतं आणि शिमगा तोंडावर आला होता. बायकांचं म्हणणं, राहू दे, जेट्टीवरून छान दिसतंय ना, मग झालं. सुनेने तर सांगितलंच की कपाळ मोठं म्हणजे नशीब मोठं. कुणीही मला दोष दिला नाही, उलट सगळ्या समजूत घालत होत्या. मला मान हलवून मोकळं होता आलं असतं. पण ते डोळे माझे पहिले डोळे होते, आणि चांगले उतरले होते, आणि चुकीच्या कपाळाखाली बसले होते. मी सांगितलं की डोळ्यांपासून वरचं सगळं मी पुसणार. सून म्हणाली, "वेडी झाली का तू?" मी म्हणाले, "शिमग्याच्या आत देते." कसं देणार हे मला माहीत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी परांचीवर चढून पांढऱ्या रंगाने बयचे केस, कपाळ आणि डोळे झाकून टाकले. खाली बऱ्याच बायका उभ्या होत्या. एकीने तोंड फिरवलं.

आता लांबून बरोबर दिसेल आणि जवळूनही फार बिघडणार नाही असं माप शोधायचं होतं. ते फोटोवरून निघणार नव्हतं. भरतीच्या वेळी एक होडी खाडीत नांगरून ठेवायची आणि तिच्यातून कुणीतरी मला सांगायचं, असं ठरलं. मी विचार करत होते की फडकं हलवून खुणा कराव्या लागतील. सून म्हणाली, खुणा कशाला? ती आणि आणखी दोघी होडीत बसून गेल्या, आणि पाण्यावरून त्यांचा आवाज माझ्यापर्यंत असा आला जणू मागेच उभ्या आहेत. बांबूच्या टोकाला कोळसा बांधून मी भुवईची रेघ मारायची. तिकडून हाक यायची, "खाली घे गो." मी खाली घ्यायचे. "डावी जरा वर. नाय, तिची दुसरी डावी." ओहोटीला होडी चिखलात बसायची, मग काम बंद. पुन्हा पाणी चढलं की पुन्हा हाका. ज्या बाईला आयुष्यभर रोज समोर बघितलंय तिचं कपाळ किती, हे त्यांना मोजावं लागत नव्हतं. एका भरतीला त्या तिघी अचानक गप्प झाल्या. मी ओरडून विचारलं काय झालं. सून म्हणाली, "आता हात नको लावू." मी कोळसा खाली टाकला आणि परांचीवरच बसून घेतलं.

मग रंग. शेडमध्ये कातडी म्हणजे गुलाबी. हिरॉइन गुलाबी, तिची आई जरा फिक्कट गुलाबी. बयच्या चेहऱ्यावर गुलाबी लावलं असतं तर बाजार हसला असता. मी पिवळी माती, गेरूसारखा तांबडा आणि सावलीला जांभळा घेतला. जबड्याच्या खालच्या कडेला पाण्याचा परावर्तित उजेड पडतो, तिथे निळ्याची एक बारीक धार दिली. उघडं तोंड सगळ्यांत अवघड. आत काळा भरला तर लांबून गुहा दिसते. मी आत गडद डाळिंबी लावला, खालच्या ओठावर ऊन ठेवलं, आणि पडलेल्या दाताची जागा तशीच सोडली. सुनेने दात भर म्हणून सुचवलं होतं. बयला विचारलं तर ती म्हणाली, तो दात पडला तेव्हा ती कचेरीच्या पायरीवर बसली होती, त्यामुळे तो तिथेच असू दे.

गळ्याच्या शिरा करत असताना मला प्रथमच कळलं की माझा हात डळमळत नाहीये. खांद्यापासून एक लांब ओढ, आणि शीर उठून आली. त्या क्षणी कुणीही बघत नव्हतं. मी परांचीवर एकटीच मोठ्याने हसले.

शिमग्याच्या सकाळी पुरुषांनी वरून गाठी सोडायला सुरुवात केली. बांबू एकेक करून उतरत गेले. होड्यांना पताका बांधल्या होत्या, नारळ-फुलं वाहिली होती, ढोल सुरू झाले होते. बयने अजून काहीच पाहिलं नव्हतं. परांची असेपर्यंत तिकडे बघायचं नाही असं तिने ठरवलं होतं. तिला तिच्या मुलाच्या होडीत बसवून खाडीत नेलं. मीही तिच्या शेजारी होते. तिने पदर डोक्यावर नीट घेतला आणि मागे वळून पाहिलं.

ऊन भिंतीवर यायला वेळ होता, पण पाण्यावरून उजेड उसळत होता आणि तो चेहरा त्या उजेडात उभा होता. हाक मारत. खाडीच्या मधोमध ती हाक ऐकू येईल असं वाटत होतं. बयने डोळ्यांवर आडवा हात धरून भिंत वरपासून खालपर्यंत पाहिली. मग ती सुनेकडे वळून म्हणाली, "ही कोनाचा आयकनार नाय." आणि तिने स्वतःच खळखळून हसायला सुरुवात केली. होडीतल्या सगळ्या बायका हसायला लागल्या, शेजारच्या होडीतल्याही, आणि कुणीतरी ढोल मोठा केला.

त्या दिवशी काठावर जो गोंधळ झाला तो मला नीट आठवत नाही. गुलाल आठवतो. आईवडील आले होते आणि वडील अनोळखी माणसांना धरून सांगत होते की ही आमच्या मुलीने काढली. घाटकोपरहून मालकही आले होते. ते जेट्टीवर उभे राहून बघत होते, मग एक होडीवाला गाठून लांब जाऊन बघून आले. परत आल्यावर म्हणाले की तोंडाच्या आतला रंग कसा केला ते सोमवारी दाखव. बयने मला ओढून नाचायला नेलं. मला नाचता येत नाही, तरी नाचले.

दुपारी जेवणाच्या पंगती चालू असताना खाडीपलीकडच्या कोळीवाड्यातल्या दोघी-तिघी माझ्याकडे आल्या. त्यांच्या किनाऱ्यावरून आमची बय सरळ समोर दिसत होती, सकाळपासून. त्यांच्यातली एक जरा चिडलेलीच वाटली. ती म्हणाली की रोज उठून समोरच्यांच्या म्हातारीचं तोंड बघायचं काय? त्यांच्याकडे होड्या दुरुस्त करणारा एक म्हातारा होता, साऱ्या किनाऱ्याला ठाऊक असलेला, आणि एक भिंत होती, हिच्यापेक्षा मोठी.

मी ताट बाजूला ठेवलं आणि विचारलं, "भिंतीचं तोंड कुठल्या बाजूला आहे?"

उगवतीला, ती म्हणाली. म्हणजे सकाळचं ऊन थेट चेहऱ्यावर. मी हात धुतले आणि संध्याकाळच्या होडीने त्यांच्याबरोबर ती भिंत बघायला गेले.